बाईंचा खाली राहिलेला हात

आमच्या मुलुंडच्या सोसायटीच्या सेक्रेटरीने आम्हा अठ्ठावीस घरांना फसवलं. बिल्डरबरोबरच्या पुनर्विकासाच्या करारातून नव्या घराच्या ताब्याची तारीखच गाळली आणि वर मंजुरी मागितली. आम्ही हात वर केले. दुसऱ्या मजल्यावरच्या बाईंचा हात तेवढा खाली होता.

बाई कॉलेजात मानसशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या. चारचौघांत माणूस स्वतःच्या डोळ्यांवरचा विश्वास का सोडतो, हा त्यांचा आयुष्यभराचा अभ्यास. निवृत्तीनंतरही विद्यार्थी घरी यायचे आणि बाई कोणालाही प्रयोगाला बसवायच्या. एकदा मला चहाला बोलावलं. भिंतीवर कागदाच्या दोन पट्ट्या. चार विद्यार्थ्यांनी ओळीने सांगितलं, डावी लांब. लांब होती उजवी. टाइल्सच्या धंद्यात माझी हयात गेली, नुसत्या नजरेने माप सांगतो. तरी म्हणालो, "डावी."

बाई हसल्या. मी भडकलो. "बाई, घरी बोलावून उल्लू बनवता?"

"शेठ, दुकानात कुठलं गिऱ्हाईक तुम्हाला बधवू शकत नाही. इथे चार पोरांनी बधवलं. राग त्याचा आलाय."

चहा न पिता उठलो. महिनाभर बोललो नाही.

मग ती मीटिंग. करार मी घरी वाचला होता. तारीख नाही, हे दिसलं होतं. पण पुढच्या रांगेतले हात वर गेले, तसा माझाही गेला. सेक्रेटरी म्हणाला, "सर्वानुमते ना?"

"नाही." बाई उठल्या. हातात कराराचा पहिला मसुदा. "यात तारीख होती, आता नाही. माझा नकार लिहा."

"बसा ना बाई! एकट्यापायी सगळ्यांना कशाला लटकवता?" मागून कोणीतरी ओरडलं.

बाईंनी माझ्याकडे पाहिलंही नाही. मीच हात खाली घेतला. "ओ सेक्रेटरी, माझाही नकार लिहा!" मग शेजारच्या वहिनी, मग अख्खा तळमजला. ठराव पडला.

त्याच बिल्डरने भांडुपला पाडलेल्या इमारतीच्या जागी आज नुसता खड्डा आहे. तिथून जाताना दर वेळी माझ्या छातीवरचं ओझं उतरतं. घर जुनं आहे, पण आहे.

"दुसऱ्याचं काम सोपं असतं," बाई म्हणायच्या. "पहिल्याला क्षणभर एकटं उभं राहावं लागतं, एवढंच."

गेल्या महिन्यात त्या भाचीकडे नाशिकला कायमच्या गेल्या. टॅक्सीत बसताना म्हणाल्या, "शेठ, आता पहिले तुम्ही."

तर मीच विचारतो. सेक्रेटरी, ती तारीख कोणाच्या सांगण्यावरून गाळलीत? येत्या मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर उभे राहा आणि नाव सांगा.