वेनिंगच्या तापाची बातमी

“तुमच्या तोंडून ऐकलं की आजारी माणूससुद्धा बरा वाटतो, पाके,” माझी बायको रूम एकदा मला म्हणाली; पाके म्हणजे पोरीचा बाप, मी. ही स्तुती आहे असं समजून मी दिवसभर खूश होतो.

माझा धंदाच तोंडाचा. जावा बेटावर, आमच्या क्लातेनच्या आसपास कुणाचं लग्न असलं की नवरीला मांडवात आणताना, पाहुण्यांना जेवायला बसवताना उंची जावानीजमध्ये, म्हणजे मानाच्या, अदबीच्या भाषेत बोलायला मला बोलावतात. या भाषेत ‘नाही’ला शब्द आहे, पण तो कुणी वापरलेला मी ऐकलेला नाही. रूम, म्हणजे रूमियाती, पश्चिमेकडची, पुर्बलिंग्गाची. तिकडची बोली दगडासारखी. जिथे पडेल तिथे आवाज होतो. लग्न होऊन ती इथे आली, बाजारात तेंपे, सोयाबीन आंबवून केलेल्या वड्या, विकायला बसली, आणि तिने तोंड उघडलं की आजूबाजूच्या बायका हसायला लागायच्या. मग ती गप्प झाली. सोयाबीन उकडायचं, सालं काढायची, केळीच्या पानांत बांधायचं, विकायचं. कुणी भाव विचारला तर बोटं दाखवायची. घराचं सगळं बोलणं माझ्याकडे आलं. केवढा हिचा माझ्यावर विश्वास, असं मला वाटायचं.

आमची वेनिंग नऊ महिन्यांची झाली तेव्हा बू हार्यंतींनी तिला गोवराची लस टोचली. बू हार्यंती आमच्या वस्तीच्या नर्सबाई; बू म्हणजे बाई. वेनिंग जन्मली तीही त्यांच्याच हातावर. आठवडा बरा गेला. मग एका दुपारी पोरीला सणकून ताप चढला, अंग ताठ झालं, डोळे वर गेले, हातपाय झटके देऊ लागले.

“कॉफी पाजा! कॉफीनं उतरतं!” माझी आई, सिम्बोक, ओरडली.

मी चमचा घेऊन धावलो आणि तेवढ्यातही साखर घालू का, असं विचारलं. रूमने चमचा हिसकावून अंगणात भिरकावला, पोरीला कुशीवर वळवलं आणि नुसती धरून बसली. थोड्या वेळाने वेनिंग सैल पडली, रडली, झोपली.

“दवाखान्यात चला,” रूम म्हणाली.

“आता झोपलीय ना. बूंचीही ही झोपायची वेळ,” मी म्हणालो. माझ्या घरात आजारपणानेसुद्धा वेळ बघून यावं.

सिम्बोकने निकाल देऊन टाकला. “सुईनंच केलं. पुन्हा सुई टोचलीत तर माझ्या मढ्यावरनं जाल.”

“आई, आठवड्यानं कसली सुई बाधते?” मी म्हणालो.

“तुम्हा दोघांना काय ठाऊक?” रूम म्हणाली. “मला तरी काय ठाऊक? जिनं टोचली तिला सांगा. दीड वर्षाची झाली की पुढची सुई आहे. द्यायची का नाही, ते मी कुणाला विचारू? तेंप्याला?”

मी बाटिकचा शर्ट घालून निघालो. जिने आपलं मूल जगात आणलं, तिच्या अंगणात उभं राहून ‘तुमच्या सुईनंतर झटका आला’ हे उंची भाषेत कसं म्हणतात, ते मला येत नव्हतं. लग्नात तशी वेळ येत नाही. मी म्हणालो, “बूंच्या कृपेने बाळ सुखरूप आहे. मधे जरासं दचकलं, एवढंच. अंगही किंचित कोमट झालं होतं.”

“दात येत असतील हो,” बू हार्यंती म्हणाल्या. “तुम्ही मुद्दाम सांगायला आलात, बरं वाटलं. पोरं टोचून नेतात, मग इकडे फिरकतंय कोण?”

नंतर आम्ही त्यांच्या कोंबड्यांविषयी बोललो. निघताना त्यांनी केळ्यांची फणी दिली.

“सांगितलंत?” रूमने विचारलं.

“सगळं.”

“मग केळी कशाबद्दल?”

पुढच्या महिन्यात, मुलांची वजनं करायच्या दिवशी, बू हार्यंती सगळ्या आयांसमोर म्हणाल्या, “लशीला घाबरू नका गं. वेनिंगच्या वडलांनी घरी येऊन आभार मानले. काही म्हणता काही त्रास झाला नाही!”

मी मान लववली. खरंच लववली, सवयच.

“झाला त्रास,” रूम म्हणाली. तिच्याच बोलीत, मोठ्याने. “ताप चढला, झटका आला. ह्यांनी तुमाला काय सांगितलं, मला ठावं न्हाई.”

कुणीतरी फिदकन हसलं. “अगं बाई, ही बोलते!”

बू हार्यंती हसल्या नाहीत. त्यांचा चेहरा उतरला, पण त्यांनी रूमला शेजारी बसवलं. किती वेळ चाललं? दोन्ही बाजूंचे हातपाय हलत होते का? ताप आधी की झटका आधी? मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, “वेनिंगचे पाके, हेच का ते दचकणं?”

दुसऱ्या दिवशी बू हार्यंती आम्हाला आरोग्य केंद्रात घेऊन गेल्या. तिथे डॉक्टरांनी वेनिंगला नीट तपासलं. मुलगी छान आहे, म्हणाले. “या लशीचा ताप असाच उशिरा येतो. तापाने झटका आला असेल. दुसरं काही दुखणंही असू शकतं. ते मी एकट्याने ठरवायचं नसतं, वर कळवतो. तुम्ही त्याच दिवशी यायला हवं होतं. पुन्हा झालं तर कुशीवर वळवा, तोंडात काही घालू नका, थेट दवाखाना गाठा.”

“कॉफी?” मी विचारलं.

“ती तुम्ही प्या.”

मग ते रूमकडे वळले. “पुढची लस बहुतेक देता येईल. इथेच देऊ, नंतर थोडा वेळ बसवून ठेवू. आणाल ना?”

“आणीन,” रूम म्हणाली. “आता तुमाला ठावं हाय ना.”

बोलणं एवढ्यावर संपलेलं मला सोसत नाही. मी उठून, हात जोडून सुरुवात केली: आमच्या क्षुल्लक बाबीमुळे बूंच्या मनाला जी तोशीस पडली... बू हार्यंतीही उठल्या: छे छे, चूक आमचीच... मी म्हणालो, आपला मोठेपणा... त्या म्हणाल्या, आपलं सौजन्य... डॉक्टर आमच्याकडे आळीपाळीने बघत होते. माझा आवाज लागला होता. पुढचं वाक्य तर नवरीच्या बापासाठी राखून ठेवलेलं होतं.

रूमने वेनिंगला झोळीत घेतलं, खांद्यावरची गाठ घट्ट केली आणि बाहेर निघून गेली.