घासलेला घोडेस्वार

उत्तरेश्वर गवळी खडकीच्या दारूगोळा कारखान्यातून कधीच निवृत्त झाले, पण त्यांची खरी नोकरी जुन्या बाजारात होती, ती काही सुटली नाही. लोक तिथे पान्हे न् बंद घड्याळं उलथीपालथी करायचे, हे डचांची चांदीची नाणी शोधायचे. डचांचीच का? तर शिवकालीन नाण्यांमागे अख्खं पुणं लागलेलं, आणि डचांना कुत्रं विचारत नाही. स्वभावच तसला, काय करता!

घरी बायको, दुर्गाबाई, म्हणायच्या, "आणा, अजून भंगार आणा." त्यावर ह्यांचं एकच उत्तर, "हात लावू नकोस." का लावायचा नाही, हे मात्र जन्मात सांगितलं नाही. समोरच्याला आपोआप कळायला हवं ना!

यंदा नवल झालं. दिवाळीनंतरच्या नाण्यांच्या प्रदर्शनात त्यांचा घोडेस्वार मांडायचं ठरलं. एका अंगाला तलवार उगारलेला स्वार, दुसऱ्या अंगाला डच कंपनीची खूण, आणि वर शेकडो वर्षांची काळपट साय. त्या सायीवरच तर जाणकार जीव टाकतात. खाली उत्तरेश्वरांच्या नावाची पाटी लागणार होती. दुर्गाबाईंनी कसबा पेठेत घरोघर सांगितलं, त्या दिवशी नेसायची साडी इस्त्रीला दिली. भंगाराचं कौतुक त्यांच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकलं लोकांनी.

लक्ष्मीपूजनाला उत्तरेश्वर झेंडू घेऊन घरी आले. पाटावर घासूनपुसून ठेवलेली देवाची चांदी, आणि मधोमध घोडेस्वार. लखलखीत! साय गेलेली, स्वाराच्या तोंडावर ओरखडे.

"कसं दिसतंय?" दुर्गाबाईंच्या बोटांना अजून रांगोळी चिकटलेली होती. "चारचौघांत असं काळं ठिक्कर मांडणार होतात? म्हटलं, आधी लक्ष्मीपुढे ठेवू, मग लोकांपुढे."

"अगं, वाटोळं केलंस!" उत्तरेश्वर असे ओरडले की शेजारी दार उघडून बाहेर आले. "घासलेलं नाणं कुणी दारात उभं करत नाही. अक्कल गहाण टाकली होतीस का?"

दुर्गाबाई रडल्या नाहीत. "मला कधी सांगितलंत?" एवढंच म्हणाल्या. पदराच्या टोकानं नाणं उचलून त्यांच्या तळहातावर ठेवलं, मग मोरीत जाऊन खसाखसा हात धुतले. इस्त्रीची साडी खुंटीवरून थेट ट्रंकेत गेली.

दिवेलागण झाली. उत्तरेश्वरांचा राग ओसरला आणि लाज वाटायला लागली. प्रदर्शन गेलं ते गेलंच. पण बाई इतक्या हौशीनं आपल्या छंदात आली, आणि आपण गल्लीसमोर तिची अक्कल काढली, हे त्यांना फार लागलं. ते नाणं घेऊन पाटाशी आले.

"ठेव गं, तुझ्याच हातानं. छान दिसत होतं."

दुर्गाबाई वाती वळत होत्या. मान वर न करता म्हणाल्या,

"तुमचं तुम्ही ठेवा. मी हात लावत नाही."