काठावरचा पोचा

रंगाचा ब्रश दातांत धरून ती बोलायची. चहा गार करून प्यायची आणि वर चहालाच नावं ठेवायची. घरी कोणी आलं की आधी त्याचे हात बघायची, मग तोंड. आणि स्वतः घासल्याशिवाय कुठल्याही भांड्याचं चित्र काढायची नाही. बोटांना कळतं ते डोळ्यांना कळत नाही, म्हणायची.

पोटासाठी ती दुकानांच्या पाट्या रंगवायची. जिवासाठी भांडी. शेजारीण करपलेली कढई मुद्दाम तिच्या दारात आणून ठेवायची.

"ताई, हिचं चित्र काढा हो!"

"काढते. पण आधी घासायला मिळावी म्हणून आणलीत, ते कळतंय मला."

जे भांडं तिला मनापासून काढायचं होतं, ते मात्र जवळ नव्हतं. आईचं पातेलं. वाढून झालं की आई पळी त्याच्या काठावर आपटायची. टण्ण. तीच जेवायची हाक. दोघी बहिणी असतील तिथून धावत सुटायच्या. वर्षानुवर्षं एकाच जागी पळी आपटून काठाला पोचा पडला होता.

आईमागे पातेलं धाकटीकडे गेलं. बरीच वर्षं मागू की नको, असं चाललं होतं. शेवटी मागितलं.

धाकटीने ते कागदात गुंडाळून आणलं. "तायडे, बघ तरी! ठोकून सरळ करून घेतलं. चित्रात येणार, मग तसलं पोचकं कसं आणू?"

तिने काठावरून अंगठा फिरवला. पुन्हा उलटा फिरवला. कुठेच अडला नाही. धाकटी तिच्या तोंडाकडे बघत होती, लहानपणी शाबासकीसाठी बघायची तशी.

"झकास झालंय गं," ती म्हणाली.

त्या दिवसापासून ती त्याच पातेल्यात रांधू लागली. वाढून झालं की पळी काठावर आपटायची. जेवायला एकटीच. भिंतीपलीकडून शेजारीण ओरडायची, "आले हो, पान मांडा!"

थोरली वारल्यावर धाकटी आली. खिडकीपाशी चित्र होतं. पातेलं हुबेहूब, बुडाच्या काजळीसकट. काठावर एवढासा कॅनव्हास कोरा.

"इथं रंग द्यायला विसरली?"

"विसरली नाही," शेजारीण म्हणाली. "पोचा पडला की काढीन, म्हणायच्या."

धाकटीने पातेलं मांडीवर घेतलं. काठावरून अंगठा फिरवत नेला. एका जागी तो जरासा अडला. पोचा नुकता कुठे धरू लागला होता.