पायाला बांधलेलं धान

नव्या धानाचा वास आला की आईचे पाय आठवतात. मोडलेलं मांडीचं हाड जुळल्यावर पायांत जोर यावा म्हणून मी तिला बालाघाटच्या दुकानात पायडल मारायचं यंत्र दाखवायला नेलं. ती बसली, थोडे पायडल मारले आणि म्हणाली, “हे तं जागचं हालत नाही. मले लामत्याले बहिणीकडं जायचं हाय.” यंत्र महागही होतं. घरी तिने जुन्या लुगड्याच्या दोन थैल्या शिवल्या, धान भरून घोट्यांना बांधल्या आणि रोज खुर्चीत बसून पाय उचलले. पेरणीच्या आधी ती स्वतः चालत मावशीच्या अंगणात शिरली. “हे माह्या पायाचं धान, येगळं पेर.” मावशी हसली, “पायाचं पीक पहिल्यांदाच आयकलं, बाई.” त्या पिकातलं थोडं मावशी दरवर्षी पाठवते. आई गेल्यानंतर आलेलं यंदाचं धान मी कांडायला दिलं नाही. तिच्याच थैल्यांत भरून ठेवलं.