निकानोराची फळी

निकानोरा बालामच्या घरात खोल्या तीन. भिंतींत आकडे किती, ते तिचं तिलाच ठाऊक. इस्ला गार्सा बेटावर माणूस जन्मापासून जाळीच्या झोळीत झोपतो, आणि झोळी टांगायला आकडे लागतातच. पण एकट्या विधवेच्या घरात स्वयंपाकघरापासून परसातल्या छपरापर्यंत आकडेच आकडे दिसले, की जाणत्याने समजावं. भाड्याने उतरलेले पाहुणे खोलीत मावले नाहीत, की बाई त्यांना टांगत असे!

राज्य सरकार प्रत्येक मुक्कामावर कर घेई आणि त्यातला काही वाटा बेटाला परत धाडी. बेटावर जेवढे मुक्काम नोंदलेले, तेवढ्या मानानं वाटा. निकानोरा खोल्यांतले पाहुणे इमानाने नोंदवी, झोळीतले नाही. "खोलीला दार असतं. झोळीला आहे का दार?" हा तिचा कायदा. कायदा इतका सोयीचा, की अख्ख्या बेटाने तो बिनबोभाट पाळला. झाकली मूठ सव्वा लाखाची.

इकडे लाकडी धक्का मात्र फळी-फळीने समुद्रात चालला होता. लाँचच्या कप्तानाने बजावलं होतं, "पुढल्या ईस्टरपर्यंत फळ्या बसवा, नाहीतर लाँच समोरच्या सान ब्रुनोला लावीन." लाँच गेली की पाहुणे गेले, आणि पाहुणे गेले की निकानोराची चूल विझली. म्हणून तीच सगळ्यात मोठ्यानं ओरडे, "कर आमचा आणि चैन राजधानीची! आमचा वाटा वाढवा!"

ती इतकी ओरडली, की एक दिवस राजधानीतून खरोखरच एक अधिकारीबाई आल्या. ओफेलिया त्यांचं नाव. चर्चसमोरच्या बदामाखाली गाव जमलं. निकानोराने स्वतः त्यांच्या हाती गार ओर्चाताचा पेला दिला. दोन घोट घेऊन बाई शांतपणे म्हणाल्या, "वाटा कसा वाढवू? तुमच्याकडे माणसं उतरतातच कुठे? सान ब्रुनोला तुमच्या चौपट मुक्काम आहेत."

सान ब्रुनोचं नाव म्हणजे निकानोराच्या डोळ्यात आबानेरो मिरची.

"सान ब्रुनो?" ती ताडकन उठली. "तिथे डाससुद्धा मुक्कामाला थांबत नाही! नाताळात माझ्या एकटीच्या घरी या म्हणावं. माणसं अशी लटकलेली असतात, की एकाने कूस बदलली की बाराजण झुलतात!"

"लटकलेली?" ओफेलियाबाईंनी भुवई उचलली. "तुमच्या तर तीनच खोल्या आहेत ना?"

निकानोराने जीभ चावली, पण उशिरा. शेजारी एवेलियो होडीवाला बसला होता. त्याच्या मुलीची ती धर्ममाता, म्हणून तो तिला कोमाद्रे म्हणे. तो कानाशी कुजबुजला, "कोमाद्रे, सांग की नातेवाईक होते."

"बाराजण?"

"तुझ्या आईला बहिणी काय कमी होत्या?"

तेवढ्यात धक्क्याला लाँच लागली. उतरणाऱ्या एका बाईचा पाय दोन फळ्यांच्या मधे गेला. कप्तानाने तिला दंडाला धरून ओढून काढलं, पण चप्पल गेली पाण्यात. कप्तानाने वर बदामाकडे पाहिलं आणि बोट सान ब्रुनोकडे दाखवलं.

निकानोरा एप्रनला हात पुसत म्हणाली, "लिहा, बाईसाहेब. झोळ्या बारा. आणि आता ह्याला विचारा, होड्यांच्या छपरात किती टांगतो ते!"

"कोमाद्रे!" एवेलियो किंचाळला.

"कोमाद्रे काय, कोमाद्रे? धक्का काय मी एकटीच चढते?"

मग जो तो पुढे आला. पण निकानोरापेक्षा कमी पाहुणे सांगायचे म्हणजे अब्रूचा प्रश्न. कोणी पंधरा सांगे, कोणी वीस. एका कोंबडीच्या खुराड्याएवढ्या घरात तीस झोळ्या निघाल्या. ओफेलियाबाई गोड हसल्या, "वा! जितक्या सांगाल तितक्यांचा कर भरायचा हं." झालं! आकडे ओहोटीसारखे उतरले आणि खऱ्यावर येऊन थांबले.

"आणि मागच्या वर्षांचं?" निकानोराने हळूच विचारलं.

"मागचं मला ऐकू आलं नाही," बाई पेला खाली ठेवत म्हणाल्या. "बदामाखाली वारा फार."

ईस्टरच्या आधी वाढीव वाटा आला, आणि त्यातून धक्क्याला नव्या फळ्या बसल्या. त्यांच्यावरून गावात अजून भांडणं होतात, कारण प्रत्येकाला आपल्या झोळ्यांची फळी ओळखू येते. निकानोराने शेवटून तिसरी धरली आहे. रोज लाँचच्या वेळेला ती तिथे खुर्ची टाकून बसते आणि उतरणाऱ्या पाहुण्याला हात देत बजावते, "जपून हो! माझ्या झोळीवर पाय पडतोय तुमचा."

एवेलियो होडीतून ओरडतो, "दार आहे का गं तिला, कोमाद्रे?"