एक दिवस आधीचं सरबत

खसच्या सरबताची बाटली उघडली, की मी अजूनही झाँशीत, खंडेराव गेटजवळच्या आमच्या ओट्यावर जाऊन बसते. इमाम हुसेन करबलात तहानलेलेच गेले, म्हणून मोहरमच्या दहाव्या दिवशी ताजियाच्या मिरवणुकीबरोबर येणाऱ्यांना सरबत पाजायचं, ही आमच्या घरची जुनी रीत.

त्या वर्षी आईनं कुणाला न विचारता, नुसतं पंचांग पाहून दहावा दिवस म्हणजे दशमीच, असं ठरवलं आणि दुपारी ओट्यावर मोठं पातेलं मांडलं. ताजिया काही येईना. मोहरमचे दिवस चंद्र दिसल्यापासून मोजतात, हे तिच्या लक्षातच आलं नव्हतं. आता सगळी गल्ली हसणार, म्हणून मी दाराआड लपले.

समोरच्या सलमाचाची आल्या. आईनं ओशाळून चूक सांगितली. चाचींनी पेला पुढे केला.

"भाभीजी, करबला में पानी तो सातवीं से ही बंद था. आप एक दिन पहले पहुँच गईं."

मग त्यांनीच हाका मारून गल्लीतली पोरं गोळा केली.

तेव्हा वाटलं, चाचींनी आईची लाज राखली. आता वाटतं, त्या अगदी मनापासून बोलल्या होत्या. आईला ते तेव्हाच कळलं असावं. पुढच्या वर्षी दिवस नीट विचारून घेऊनही तिनं पातेलं नवव्या दिवशीच मांडलं.