प्रणालीच्या गेममधला चौथा आवाज

अन्याय प्रणालीवर झाला. मे महिन्याच्या दुसऱ्या रविवारी, भर दुपारी, नागपुरातल्या एका कॉलेजच्या हॉलमध्ये, सगळ्यांसमोर. तिचा हॉरर गेम स्पर्धेतून बाद केला आणि वर "खोटं लिहून दिलं" असा शिक्काही मारला. प्रणाली माझी शाळेपासूनची मैत्रीण, नागपुरातच नंदनवनला राहते. ती खोटं बोलत नाही... बोलायला गेलीच तर आधी हसते.

माझ्याबद्दल एवढंच, की इथले भुताचे किस्से मी वाचते ते खाली कॉमेंटमध्ये भांडायला. भूत, भानामती, बाबांचे ताईत — या सगळ्याविरुद्ध मी चौकाचौकात पत्रकं वाटली आहेत. प्रत्येक पत्रकाच्या शेवटी ठळक अक्षरांत एकच ओळ असते: पुरावा दाखवा. आणि आज मीच इथं लिहायला बसले आहे. हसा, हरकत नाही.

आधी गेम सांगते. त्यात रक्त नाही, कवट्या नाहीत, अंगावर धावून येणारं कोणी नाही. उन्हाळ्यातली दुपार, पडदे ओढलेलं घर, तुम्ही एकटे. काम एकच — कूलरमध्ये पाणी टाकत राहायचं. नळावर जा, बादली भरा, परत या. तेवढ्यात कूलरची घरघर किंचित बदललेली असते. पुढच्या खेपेला तुम्हीच बंद केलेली खिडकी बोटभर उघडी असते. बस्स. चांगला हॉरर गेम असाच असतो, हे माझं ठाम मत आहे. खेळणाऱ्याच्या हाताला रोजचं काम द्या आणि पाठ उघडी सोडा. बाकीचं तो स्वतःच करतो.

पाहुण्या परीक्षकांना हे पटणार नव्हतंच. सकाळच्या भाषणात त्यांनी सांगितलं होतं की दर थोड्या वेळानं काहीतरी अंगावर यायलाच हवं. हेडफोन लावायच्या आधीच त्यांनी विचारलं, "यात भूत कुठंय?" मग खेळायला लागले. दुसऱ्या का तिसऱ्या बादलीला ताडकन उठले आणि हेडफोन गळ्यात तसाच घेऊन थेट दाराशी जाऊन उभे राहिले.

"ही बाई कोण बोलली?"

आता, प्रणालीनं लिहून दिलं होतं की गेममध्ये तीनच आवाज आहेत — कूलर, नळ आणि पारवे. माणसाचा एकही नाही.

"बाई नाही आहे सर त्याच्यात."

"मला स्पष्ट ऐकू आलं. 'बटन बंद केलं का गा?' गा म्हणाली मला."

आमच्याकडे ओळखीच्या पुरुषाला सलगीनं 'गा' म्हणतात; मला वाटतं, त्या 'गा'चाच राग जास्त होता. निकाल असा, की आवाज कुठून तरी उचलला आणि लपवला. बाद. जो माणूस घाबरून दारापर्यंत पळाला, त्यानंच हॉरर गेम बाद करावा... हा कुठला न्याय?

दुसऱ्या दिवशी दुपारी मी प्रणालीच्या घरी. म्हटलं, असा आवाज नाहीच हे सिद्ध करू आणि त्यांच्याकडून माफी लिहून घेऊ. आवाजांचं फोल्डर उघडलं, आत तीनच फाइली. नेट बंद केलं, हेडफोन माझा लावला. प्रणाली बाजूच्या खऱ्या कूलरमध्ये पाणी टाकायला पाइप घेऊन उठली. मी गेममध्ये बादली उचलली.

"बटन बंद केलं का वं?"

अगदी कानाशी. आणि 'गा' नाही, 'वं' — बाईमाणसाला म्हणतात तसं. म्हातारा नाही, तरुण नाही... शेजारची बाई कंपाउंडवरून विचारते ना, तसा आवाज. मी हेडफोन काढला आणि स्वयंपाकघराकडे हाक मारली, "काकू, तुम्ही बोलल्या का?"

"मी पोळ्या करून राहिली. काहून?" प्रणालीची आई पिठाच्या हातानंच बाहेर आली. मी ऐकलं ते सांगितलं.

"माझा नाही तो आवाज," काकू म्हणाल्या. "मी एवढ्या प्रेमानं बोलते का हिले?" मग त्यांची नजर पोरीकडे गेली. हातात पाइप, समोर कूलर सुरूच. "हे काय वं? बटन?"

"घरघर रेकॉर्ड करत होती न आई. बंद केलं की आवाज तुटते. आता तशीच सवय लागली, चालू ठेवूनच टाकते पाणी."

"ठेव तो पाइप खाली."

काकूंनी टेस्टर आणला आणि कूलरच्या टिनाला लावला. टेस्टरचा दिवा पेटला. आम्ही तिघीही काही वेळ प्रणालीच्या पायातल्या रबरी चपलेकडे बघत राहिलो.

"मोठा भुताचा गेम बनवून राहिली," काकूंनी प्लग उपटला. "त्या भुताले तुझ्यापेक्षा जास्त अक्कल आहे."

वायरमननं येऊन आतली सोललेली वायर बदलली. तेव्हापासून तो आवाज नाही. मी कितीदा खेळले — कूलर, नळ, पारवे, संपलं. प्रणाली तर आता त्या बाईची वाट बघत खेळते. आणि मी स्पर्धावाल्यांना भेटायला गेले, तर ते काय म्हणाले असतील? पुरावा दाखवा. माझीच ओळ, माझ्याच तोंडावर.

पुरावा नाही. तीन फाइलींतून चौथा आवाज कसा आला, हेडफोन कोणाच्या कानाला आहे हे त्याला कसं कळलं... मला माहीत नाही, आणि माहीत असल्याचं नाटक मी करणार नाही. पण प्रणालीनं खोटं लिहिलं नव्हतं, हे मी छातीवर हात ठेवून सांगते.

त्या रविवारी हॉलमध्ये आणखी काही जणांनी तो गेम खेळला होता. तुम्ही त्यातले असाल आणि तुम्हालाही ऐकू आलं असेल, तर लाजू नका. खाली स्वतःच्या नावानं लिहा. भुतासाठी नको, प्रणालीसाठी लिहा. बाकीच्यांनी मला वेड्यात काढायला माझी ना नाही, कॉमेंट मोकळ्या आहेत. फक्त त्याआधी उठा. तुमच्या घरी आत्ता कोणीतरी कूलरमध्ये पाणी टाकत असेल. आधी बटन बंद करा.